बटण दाबू नये

इराप्पा अण्णा कॉम्प्युटरसमोर बसले की आधी कापडी पिशवीतून एक पुठ्ठा काढायचे. त्यावर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं, 'काम चालू आहे. बटण दाबू नये.' पुठ्ठ्याला सुतळी ओवलेली. ती मॉनिटरला अडकवायची, मग चष्मा पुसायचा, मगच कीबोर्डला हात लावायचा. उद्यमनगरातल्या त्या सायबर कॅफेत शेजारी चॅटिंग करत बसलेली कॉलेजची पोरं फिदीफिदी हसायची. अण्णा मान न वळवता म्हणायचे, "हसा की. धा बोटं हायत न्हवं अजून? मग हसा."

अण्णांची आठ होती. शिरोली एमआयडीसीत, पत्रा दाबून कापणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये ते मेंटेनन्स फिटर होते. एकदा मशीन बंद करून, स्विचवर अशीच पाटी लावून ते आत हात घालून काम करत होते. कुणीतरी पाटी काढली आणि बटण दाबलं. प्रॉडक्शन खोळंबलं होतं म्हणे. उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीच्या कागदावर कारण लागलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. हे दोन शब्द आज लिहितानाही माझं डोकं तापतं. ज्या माणसानं पाटी लावली तो निष्काळजी, आणि ज्यानं काढली त्याचं नावसुद्धा कागदावर नाही! अण्णांनी ते नाव कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढं कंपनीनं त्यांना स्टोअरला बसवलं. नव्वदच्या दशकात तिथं कॉम्प्युटर आला. कुठला माल कुठल्या कप्प्यात आहे याचे तक्ते त्यात भरलेले असत, आणि वीज गेली की तक्ते मोडत. दुरुस्तीला पुण्याहून माणूस यायचा, तोवर सगळे हातावर हात धरून बसायचे. अण्णा डिक्शनरी घेऊन इंग्रजी पुस्तक वाचत बसले आणि वर्षभरात स्वतःच तक्ते सांधू लागले. "मशिन त्ये मशिन," ते म्हणायचे. "आदी बंद करायचं, मग नक्कल काढायची, मगच हात घालायचा. झाल्यावर मोजायचं. आदी जेवढं हुतं तेवढं हाय का बगायचं. ह्यात अवघड काय हाय?"

माझी त्यांची गाठ पडली ती ब्लॉगमुळं. मी शिरोलीतच दुसऱ्या एका कंपनीत डिस्पॅच क्लार्क होतो आणि टोपणनावानं एमआयडीसीतल्या माणसांवर लिहीत होतो. खरं नाव घालायची छाती नव्हती. प्रेसवर बोटं गमावलेल्यांबद्दल मी एक लेख लिहिला. तो वाचून, नुकतेच रिटायर झालेले अण्णा माझा पत्ता काढत आले आणि दारातच म्हणाले, "काय लेखक, लिवलंयस बरं. पर ह्यात एक बी नाव न्हाय. नाव न्हाय तर त्येला काय अर्थ हाय?"

मग दर सोमवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला, अण्णा एकेका कामगाराला कॅफेत घेऊन येऊ लागले. माणूस सांगायचा आणि अण्णा आठ बोटांनी त्या लेखाखाली प्रतिक्रिया म्हणून टाइप करायचे. प्रत्येकाला नंबर, आणि प्रत्येकात चार गोष्टी : नाव काय, मशीन कुठलं, बोट कुठलं, आणि पाटी किंवा मशीनवरचा संरक्षक गार्ड कुणी काढला. हे सगळं साठायचं ब्लॉगच्या एका तक्त्यात. ब्लॉगसाठी इंटरनेटवर आम्ही घेतलेली जागा स्वस्तातली होती, त्यामुळं तो तक्ता महिन्या-दोन महिन्यांनी मोडायचा. अण्णा सोमवारी सकाळी आधी सगळ्याची नक्कल काढून सीडीवर ठेवायचे. काही मोडलेलं नसलं तरी काढायचे. मी कुरकुरलो की खेकसायचे, "मोडल्यावर सगळीच पळत्यात. मोडायच्या आदी बगणारा एक तरी दाव मला." तक्ता मोडला की ते ब्लॉग बंद ठेवून त्यावरही तीच पाटी लावायचे, 'काम चालू आहे. बटण दाबू नये.' वाचणाऱ्याला कुठलं बटण, ते कळायचं नाही. मला कळत होतं, म्हणून तर माझी चूक जास्त मोठी.

एका शनिवारी एका दैनिकाच्या पुरवणीत आमच्या ब्लॉगबद्दल चार ओळी छापून आल्या. नेमका त्याच सकाळी तक्ता मोडला. अण्णांनी पाटी लावून नक्कल काढायला घेतली आणि उद्यमनगरात लोडशेडिंग सुरू झालं. त्यांनी मला ऑफिसात फोन केला. "लाईट गेली. नक्कल झाल्याली न्हाय. लाईट आली की बगतो. तू हात लावू नगंस. आयकलंस न्हवं?"

"हो अण्णा," मी म्हणालो.

आमच्या ऑफिसात जनरेटर होता. पुरवणी वाचलेले चार सहकारी माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. "दाव की तुझा ब्लॉग." उघडला तर नुसती पाटी. आज पेपरात नाव आलंय, माणसं येऊन परत जात असतील, हाच विचार डोक्यात. मी पाटी काढली. प्रतिक्रिया दिसेनात. आतल्या पानावर तक्ता दुरुस्त करायचं बटण होतं. मी ते दाबलं. दोन सेकंदांत प्रतिक्रिया दिसू लागल्या. एवढ्यासाठी अण्णा अर्धा दिवस घालवतात, असं वाटून मी मनात हसलोसुद्धा.

दुपारी अण्णा लुना घेऊन आमच्या कंपनीच्या गेटवर आले. आधी शांतपणे विचारलं, "आदी किती हुत्या? मोजलंतंस?"

"नाही."

"सात कमी हायत. सोमवारच्या नकलेनंतरच्या सात. मोडक्या तक्त्यात व्हत्या. आदी नक्कल काढली असती तर त्यातनं एकेक येचून काढल्या असत्या मी. तुझ्या बटणानं साफ केल्या."

"सातच ना अण्णा..."

मग ते असे ओरडले की वॉचमन केबिनमधून धावत आला. "सातच? तुझी गेल्यात काय रं बोटं, सातच म्हणायला? माझी पाटी काढलीस तू! कशापायी? तुझं पण प्रॉडक्शन खोळंबलंतं व्हय?"

 

त्यांनी मला सात नंबर लिहून दिले, पस्तीस ते एक्केचाळीस. त्यातल्या सहांपुढं पत्ते होते. "तू जायाचं. तू इच्यारायचं." मी सहा घरी गेलो. माणसांना तेच सगळं पुन्हा सांगायला लावलं. एक लेथवाला खाली बघत बघत सांगून झाला आणि म्हणाला, "पावणं, ह्ये परत परत इच्यारू नगा." मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. सहाही नोंदी मी टाइप केल्या आणि अण्णांकडं गेलो.

"अण्णा, एक्केचाळीस कोण?"

ते पुठ्ठ्याला नवी सुतळी बांधत होते. "मी."

"तुम्ही?"

"मंगळवारी एकटाच गेलतो कॅफेत. बसलो आणि लिवलं. पाटी काढणाऱ्याचं नाव घालून लिवलं. इतक्या वरसांत पैल्यांदा."

"मग सांगा ना. मी टाइप करतो."

"न्हाय." त्यांनी गाठ दातानं आवळली. "लिवलं तवा डोक्यात जाळ हुता. त्यो सगळा तुमच्यावर खर्ची पडला. आता न्हाय ऱ्हायला."

त्या दिवसापासून ते मला अहो-जाहो करू लागले. पुन्हा कधी 'काय लेखक' म्हणाले नाहीत. काम मात्र एका सोमवारी चुकवलं नाही. मला त्यांचा राग परवडला असता. शिव्या द्या म्हणून मी मनातल्या मनात विनवत असायचो आणि ते म्हणायचे, "बसा तुमी."

तीन वर्षांनी अण्णा गेले. त्यांच्या बायकोनं मला ती कापडी पिशवी दिली. आत सीड्या होत्या आणि पुठ्ठा. सगळ्या सीड्या मी तपासल्या. एक्केचाळीस कुठंच नव्हता. तो पाटी काढणारा कोण होता कोण जाणे. हार-तुरे घेऊन रिटायर झाला असेल, संध्याकाळी रंकाळा तलावावर फिरत असेल, कदाचित माझ्या शेजारून गेलाही असेल, या विचारानं माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्याचं नाव सांगू शकणारा एकच माणूस होता. त्यानं ते एकदाच लिहिलं आणि मी ते पुसलं. कंपनीनं त्या नालायकाला एकदा सोडवलं, दुसऱ्यांदा मी.

पुढच्या सोमवारी मी कॅफेत गेलो. पुठ्ठा मॉनिटरला अडकवला. ब्लॉग बंद केला, नक्कल काढली, नोंदी मोजल्या. मग एक्केचाळीसवी लिहायला घेतली. नाव : इराप्पा. मशीन : प्रेस. बोटं : उजव्या हाताची दोन. उरली चौथी गोष्ट, पाटी कुणी काढली. तिथं लिहिलं, 'पहिल्यांदा कुणी, ते ठाऊक नाही. दुसऱ्यांदा मी.' आणि खाली, टोपणनाव न घालता, माझं खरं नाव टाइप केलं.