पाटावरच्या दोघी

जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी माझ्या दोन काकू होत्या, थोरली आणि धाकटी. दोघी विधवा, आणि दोघींचं एका चुलीवर कधी पटलं नाही. मिठावरून भांडण, पाण्यावरून भांडण, अहो, मांजरीला दूध कुणी घातलं यावरूनसुद्धा भांडण! पण उन्हाळा लागला की दोघी शेवयांच्या पाटावर बसायच्या आणि घर एकदम गप्प व्हायचं. इतकं की मलाच करमायचं नाही.

पाट उतरता लावलेला, वर थोरली. ती तिंबलेली कणीक तळहातानं घासत खाली ढकलायची आणि टोकाशी लोंबणाऱ्या तारा धाकटी दोन्ही हातांवर अलगद झेलून काठीवर वाळत टाकायची. एकटीचं ते कामच नव्हे. मशीनच्या शेवया दुकानात आल्या होत्या, तरी अर्धा जुना जालना घरचे डबे घेऊन आमच्या दारात यायचा. दोघींचा वर्षाचा खर्चा त्यातूनच निघायचा.

त्यासाठी बन्सी गहू लागायचा, कोरडवाहू रानातला. दुसऱ्या गव्हाची तार तुटते म्हणायच्या. पिंपळगाव रेणुकाईचा एक शेतकरी तो आणून द्यायचा. बाकीच्यांनी केव्हाच जास्त उताऱ्याचा गहू धरला होता. हा बाबा मात्र या दोघींपायी रानाचा एक तुकडा बन्सीला ठेवायचा.

एका वर्षी संक्रांत झाली आणि धाकटीला लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. थोरली कुणाला रडून दाखवणारी नव्हती. उन्हाळ्यात तिनं मला झेलायला बसवलं. मी शाळेत शिकवणारी बाई, मला कुठून जमणार? तार हातात आली की तुटायचीच.

"अगं हळू! हात हैत का चिमटे?"

शेजारणी बसवून पाहिल्या, तेही बराबर जमेना. शेवटी तिनं पाट भिंतीला उभा केला. "येतील त्यांना सांग, या साली न्हाई." लोक रिकामे डबे घेऊन परत जायचे आणि मला दारात उभं राहवायचं नाही.

दसऱ्याच्या सुमारास तो शेतकरी आला. ओट्यावर टेकत म्हणाला, "काकू, बन्सी पेरू का?"

थोरलीनं बाजेवरच्या धाकटीकडं पाहिलं. धाकटी डावा हात हलवत होती. पेर म्हणत होती का नको, देव जाणे. मला राहवलं नाही. "पेरा, मी घेते!"

"ताई, तुम्ही एकट्या किती घेणार?" तो सरळपणानंच म्हणाला. एका घराला असा लागतो तरी किती!

"मंग बियाणं ठेवून काय करू, काकू?"

"खाऊन टाका," थोरली म्हणाली.

त्यातलंच थोडं त्यानं आम्हाला आणून दिलं. थोरलीनं ते गहू कांडून गुळाची खीर केली आणि धाकटीला भरवायला बसली. पहिला घास धाकटीनं घेतला. मग थोरलीकडं बघत तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं, काही केल्या उघडेना.

"खा गं बाई," थोरलीनं चमचा पुन्हा तिच्या ओठांशी नेला. "खा. ठेवून आता कुठं पेरायचंय?"