स्वतःची बातमी

सोलापुरातल्या एका केबल वाहिनीवर मी कॅमेरा चालवायचो. वाहिनीचे मालक आमच्या वॉर्डाचे नगरसेवक होते, शिवाय त्यांचा टॉवेलचा कारखाना होता. त्यांना खुर्चीत टेकलेलं मी क्वचितच पाहिलं. चहासुद्धा उभ्यानंच घ्यायचे. एका फोनवर सूत मागवायचे, दुसऱ्यावर कुणाच्या तरी गल्लीत पाणी सोडायला सांगायचे आणि सारखं मनगटावरचं घड्याळ फिरवत राहायचे.

महापालिकेचा निकाल लागला, त्यात ते पडले. बातम्या वाचणाऱ्या मुलीला ते वाक्य उच्चारवेना.

"सर, ही बातमी गाळू का?" तिनं विचारलं.

"गाळायची कशाला? लोकांनीच दिलीय की. आण हिकडं."

ते तिच्या जागी बसले. स्वतःचं नाव, पक्ष, पराभव, सगळं न अडखळता वाचलं. जिंकलेल्याचं अभिनंदनही केलं.

मी कॅमेरा बंद केला, तरी ते उठले नाहीत.

"रोज हितनं वॉर्डात जायचो," ते मला म्हणाले. "आता कुटं जाऊ रे?"

"घरी जावा की, साहेब."

मी परक्या गावाचा पत्ता सांगितल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.