भाकरतुकडा
शिळ्या भाकरीचा वास आला की मला पाथरीच्या घरातली ती दुपार आठवते. आईला विसर पडायला लागला म्हणून मी सोनपेठचं सासर सोडून वर्षभर तिच्याजवळ राहिले होते. त्या दुपारी तिला न्हाऊ-जेवू घातलं, गॅसवर दूध ठेवलं आणि ओली लुगडी वाळत टाकायला अंगणात आले, तेवढ्यात तिनं आतून कडी लावली. "माय, दार उघड, मी हाय, तुझी लेक." आतून आवाज आला, "माझी लेक सोनपेठला दिलीया. तुमी कोण?" दूध करपल्याचा वास यायला लागला. मी दार बडवलं, चिडले, रडले, आणि शेवटी पदरानं तोंड पुसून म्हणाले, "माय, मी सोनपेठहून आले. गाडीला लय गर्दी होती." लगेच कडी निघाली. "उंबऱ्यातच थांब गं," म्हणत ती भाकरीचा तुकडा अन् तांब्या घेऊन आली, तुकडा माझ्यावरून ओवाळून लांब टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. मागून येऊन ती कानाशी म्हणाली, "बरं झालं आलीस. हितं एक बाई ऱ्हाती, सारख्या गोळ्या खायला लावती. मला तुझ्यासंगं ने." त्या अख्ख्या वर्षात तिनं मला तेवढं एकदाच ओळखलं, तेही मी खोटं बोलले म्हणून. आता ती नाही. घर झाडायला मी खरंच सोनपेठहून येते, कुलूप काढते, आणि थांब म्हणायला कुणी नसतानाही उंबऱ्यातच थांबते.