पत्रिकेत न छापलेले मामा

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या मामांचा, आईच्या धाकट्या भावाचा. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे. आमच्याकडे बोहल्यावर मुलाच्या मागे त्याचा मामा उभा राहतो. माझ्या मागे माझे मामा उभे राहणार की नाहीत, हा प्रश्न माझ्याच चुकीमुळे निर्माण झाला होता. ती हकीकत लिहितो.

मामा सायखेड्याला नदीकाठच्या जमिनीत झेंडू, शेवंती आणि गुलाब लावायचे. फुलांची पाटी डोक्यावर घेऊन रोज पहिल्या एसटीने नाशिकला यायचे आणि सराफ बाजारात फुलं विकायचे. आणि ते साडी नेसायचे. सणासुदीला नाही, सोंगासाठी नाही, रोज. मालेगावच्या मागावरची सुती पाचवारी, शिंप्याने मापाने शिवलेलं पोलकं आणि पायात उंच टाचेच्या चपला. चेहऱ्यावर बारीक मिशी, डावीकडे पाडलेला भांग. लग्न त्यांनी केलं नाही.

सुरुवातीला गावाने त्यांच्या अंगात देवी येते असं ठरवलं. मग कुणी म्हणालं, नवस असेल. पारावर एका म्हाताऱ्याने सरळ विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "नवस नाय आन् वारं बी नाय, तात्या. मला साडी बरी वाटती. तुम्ही धोतर का नेसता, मी इचारलं का कधी?" पुढे गावाला सवय झाली.

चपलांचं मात्र अवघड होतं. बायकांच्या मापात त्यांचा पाय मावत नसे. नाशिकच्या दही पुलाजवळचा एक चांभार त्यांच्यासाठी खास जोड बनवायचा. टाच बाभळीच्या लाकडाची, खाली टायरच्या रबराचा तुकडा.

"मामा, डावी टाच आधी झिजती तुमची. पाटी डावीकडं कलती," तो म्हणायचा.

"मग डावीला दोन खिळे जास्ती मार."

शेताच्या बांधावरून येताना ते चपला हातात धरायचे. नाशिकला उतरल्यावर स्टँडवरच्या नळाला पाय धुवायचे आणि मग चढवायचे. एवढा खटाटोप कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "डोक्यावर पाटी आन् पायात टाच असली की माणूस वाकत नाय. वाकला की पाटी पडती."

माझे वडील हरसूलच्या बाजूला मजुरी करत. तिथे तेव्हा चौथीच्या पुढे शिकण्याची सोय नव्हती, म्हणून मामांनी मला सायखेड्याला आणलं. ते स्वतः चौथी शिकलेले. पहाटे एसटीला निघण्याआधी हार ओवताना मला समोर बसवून धडा मोठ्याने वाचायला लावायचे. मी अडखळलो की त्यांची सुई थांबायची. वाक्य नीट आलं की पुढचं फूल. अशा रीतीने मी मॅट्रिकपर्यंत गेलो आणि पुढे नाशिकला कॉलेजात.

कॉलेजच्या दिवसांत मी शहरात खोली करून राहत होतो. बाजार आटोपला की मामा माझ्यासाठी भाकरीचा डबा घेऊन कॉलेजच्या फाटकाशी यायचे. पहिल्याच आठवड्यात वर्गातला एक जण म्हणाला, "अरे, तुझी मावशी आलीय बघ. मिशीवाली." सगळे हसले, आणि मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मी मामांना सांगितलं की फाटकाशी गर्दी असते, तुम्ही मागे सायकल स्टँडकडे येत जा. ते चार वर्षं तिकडेच आले. त्यावर फक्त एकदा बोलले, "हितं सावली हाय. बरं झालं."

पदवी मिळाली, नाशिकच्या एका हायस्कुलात नोकरी लागली आणि दोन वर्षांनी लग्न ठरलं. मुलीचे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. बैठकीला त्यांनी विचारलं, "मुलाचे मामा दिसत नाहीत?" वडील माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "त्यांचा बाजाराचा दिवस आहे." ते खोटं नव्हतं. पण त्यांना बोलावलंच नव्हतं, आणि न बोलावण्याचं मी ठरवलं होतं.

पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला, कारण घरात लिहिणारा मीच. छापखान्यातला जुळारी वयस्कर होता. शिशाचे खिळे जुळवता जुळवता तो थांबला.

"मास्तर, मामाची ओळ राहिली."

"नको ती."

"मामा वारले असतील तर नावामागं कैलासवासी लावतो."

"आहेत. पण ओळ नको."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बिनमामाची पत्रिका मी अजून छापली नव्हती," एवढं म्हणून त्याने पुढचा खिळा उचलला.

पहिली पत्रिका देवापुढे आणि दुसरी मामाकडे, अशी आमची रीत. आई अक्षता घेऊन सायखेड्याला गेली. परत आल्यावर तिने जे सांगितलं ते असं. मामांनी हात धुतले, पत्रिका मांडीवर घेतली आणि प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली. मग उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"छपाई चांगलीय, अक्का," ते म्हणाले. "हार, मुंडावळ्या समदं मी धाडतो. मी काय येत नाय. लगीनसराईत बाजार सुटत नाय."

आई हे सांगताना रडली नाही. तिने पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "त्यानं तुला वाचायला शिकवलं. तू त्यालाच असलं वाचायला दिलंस."

त्यानंतर मी जे केलं त्यात शौर्य नव्हतं, पण ते केलं याचं मला आजही समाधान आहे. मी सासऱ्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. मामा साडी नेसतात, टाचेच्या चपला घालतात, ते माझ्या मागे उभे राहिले तरच मी बोहल्यावर चढेन आणि हे मी आधी लपवलं, ही माझी चूक. सासरे अडकित्ता उचलून सुपारी कातरायला लागले. सोयरिक मोडणार असं मला वाटलं. आतून सासूबाई बाहेर आल्या.

"फुलबाजारातले का? टाचेवाले?" त्यांनी विचारलं. "मी चैत्रगौरीची फुलं त्यांच्याकडूनच घेते. वजनात कधी मारत नाहीत."

सासऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "मग मानाचं काय करायचं?" ते म्हणाले. "मुलाच्या मामाला फेटा देतात. यांना फेटा द्यायचा की साडी?"

"मला काय विचारता? त्यांनाच विचारा," सासूबाई म्हणाल्या.

उरलेल्या पत्रिकांवर मी शाईने मामांची ओळ लिहिली. ज्या आधी वाटल्या होत्या त्या घरोघर जाऊन परत मागितल्या आणि त्यांवरही लिहिली. एका चुलत्याने विचारलं, "आता आठवला व्हय मामा?" मी हो म्हणालो.

मग आंतर्देशीय पत्र आणून मामांना लिहिलं. समोर गेलो असतो तर त्यांनी विषय हसण्यावारी नेला असता, आणि चूक मी लिहूनच केली होती. आठवड्याने पोस्टकार्ड आलं. त्यावर टपोऱ्या अक्षरांत एकच शब्द होता : दोन्ही.

लग्नात मामा पिवळी साडी नेसून आले. सासऱ्यांनी मांडवात त्यांना स्वतः फेटा बांधला आणि हातात साडीची घडी दिली. कुणी तरी पोरगा म्हणाला, "वरमाया दोन हायेत का?" मामा वळले. "वरमाय ती तिकडं. मी मामा. फेटा दिसत नाय का?" मांडव हसला, पण ते हसणं मामांच्या बाजूचं होतं. मंगलाष्टकं होईपर्यंत ते माझ्या मागे उभे होते. त्या टाचांमुळे ते माझ्याहून चार बोटं उंच होते आणि त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

मामांना लिहिलेल्या त्या पत्राचा कच्चा मसुदा माझ्या वहीत राहिला आहे. तो जसाच्या तसा देतो.

"मामा, तुमच्या पाया पडून लिहितो.

पत्रिकेत तुमची ओळ नाही. ती जुळाऱ्याकडून राहिली नाही. त्याने मला दोनदा विचारलं आणि मी नको म्हणालो. आईने तुम्हाला काही वेगळं सांगितलं असेल तर ते मला वाचवण्यासाठी.

मागे सायकल स्टँडकडे तुम्हाला बोलावलं तेही गर्दीमुळे नाही. मला लाज वाटत होती. तुम्हाला ते पहिल्या दिवशीच कळलं असणार. तरी चार वर्षांत डबा एकदाही चुकला नाही.

मुलीकडच्यांना मी सगळं सांगितलं आहे. मुलीची आई तुमचं गिऱ्हाईक निघाली. मुलीचे वडील विचारतात की मामाचा मान म्हणून फेटा घ्यावा की साडी. मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगाल तसं ते करतील.

हार धाडू नका. तुम्ही घेऊन या. एरवी नेसता तसेच नेसून या, माझ्यासाठी काही बदलू नका. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने निघा. मी स्टँडवर नळापाशी उभा असेन आणि पाटी मी घेईन.

तुम्ही आला नाहीत तर माझ्या मागची जागा रिकामी राहील. तिथे दुसऱ्या कुणाला मी उभं करणार नाही, हे भटजींना सांगून ठेवलं आहे.

उत्तर कुणाबरोबर तोंडी देऊ नका. लिहून पाठवा. तुमच्या हातचं अक्षर माझ्याजवळ एकही नाही.

तुमचा भाचा."