आबांच्या टेबलावरची मोटर

आम्हा दोस्तांपैकी कुणाच्याही घरी ड्रॉवर उघडा, एखादी जळालेली चिप सापडणारच. फेकवत नाही, कारण प्रत्येकीचा एक किस्सा आहे! माझ्या ड्रॉवरमधल्या सगळ्या आबांच्या मशीनच्या.

आबा म्हणजे माझे वडील. वारणानगरच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि लगेच डावी बाजू लुळी पडली. डाव्या हाताला चिमटा काढला तरी कळायचं नाही, उजवा थरथरायचा. वाचनाचं वेड मात्र शाबूत. पण पानापानाला हाक मारायची लाज वाटायला लागली, तसं त्यांनी पुस्तकच मिटून ठेवलं.

ते मला बघवेना. राजारामपुरीत टीव्ही दुरुस्त करणारा सलीम, फिजिक्स शिकवणारे बसवराज सर आणि मी, आम्ही पान उलटणारं मशीन करायला घेतलं. भंगारातल्या प्रिंटरची स्टेपर मोटर, तिला चालवणारं ड्रायव्हर सर्किट आणि एक मोठं बटण. साल २००३ असेल.

*

पहिल्याच दिवशी मोटर फिरेना, नुसती गुरगुरायला लागली. वायरींच्या जोड्या चुकल्या होत्या. सरांनी करंट चालू असतानाच वायर उपटली आणि ड्रायव्हरची चिप फट्दिशी गेली.

सर शांतपणे म्हणाले, "थिअरीप्रमाणं बरोबर झालं."

*

मोटर किती तापली हे मोजायला सलीमचं बोट होतं. तो 'कोमट', 'चहा', 'तवा' असं रीडिंग द्यायचा आणि सर लिहून घ्यायचे. एकदा 'चहा' ऐकून सरांनी स्वतः बोट लावलं आणि नळाकडे पळाले.

तिथूनच म्हणाले, "सोल्डरिंग करून ह्याचं बोट मेलंय. सगळी रीडिंगं रद्द!"

*

मग ड्रायव्हर सारखा तापून बंद पडायला लागला. आम्ही चिपा बदलल्या, पंखा लावला. मोटरीवर आणि सर्किटवर एक गोधडी होती. मला वाटलं सलीमनं आवाजासाठी घातली असेल, सलीमला वाटलं सरांची काही थिअरी असेल. विचारलं कुणीच नाही!

शेवटी आई म्हणाली, "मीच घातलीया. लई घरघर करतंय. तुमी बघून बी काय बोलला न्हाईसा, म्हटलं बरोबरच आसंल."

*

सलीमचे आणि सरांचे आभार मी कधी मानले नाहीत. दोस्तांत तसं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. पण आबा परत वाचायला लागले ते त्यांच्यामुळे, हे मी विसरलेलो नाही.

गोधडी काढल्यावर ड्रायव्हर सुधारला, तरी मोटर तापतच होती. सरांनी शोधून काढलं की पान उलटून नुसती थांबलेली असतानाही ती करंट ओढते. सलीमनं ड्रायव्हरवरचा बारका स्क्रू फिरवून करंट कमी केला. दुसऱ्या दिवशी मोटर एकदम गार. आम्ही खूश होऊन आबांसमोर उभे राहिलो.

आबांचा डावा हात मोटरीवर होता. पुस्तक उघडं होतं, पण ते वाचत नव्हते.

"गार केलासा व्हय रं?" ते म्हणाले. "रोज ह्यो हात हितं ठिवत हुतो. परवापास्नं ह्येला ऊब कळाय लागलती."

सलीमनं स्क्रूड्रायव्हर उचलला आणि तो बारका स्क्रू परत उलटा फिरवायला घेतला.