फेलिझबेला मावशीचा बुचांचा गोठा

माझ्या गुत्त्यात बाटली उघडली, की पहिला हक्क पिणाऱ्याचा नसतो, फेलिझबेला मावशीचा असतो. वाइन पेल्यात पडायच्या आत तिचा हात पुढे येतो. "बेलार्मिनु, बूच." मी मुकाट्यानं देतो. ती ते हुंगते, बोटांत फिरवते आणि निकाल देते, "मेंढपाळ." नाहीतर, "गाढवाचा मागचा पाय." एकदा गावच्या डॉक्टरांनी पाहुण्यांसाठी उंची बाटली फोडली. मावशीनं बुचाकडे एक नजर टाकली आणि त्यांच्या तोंडावर म्हणाली, "गाढव." डॉक्टर नंतर बरेच दिवस फिरकले नाहीत.

ही सगळी तयारी नाताळच्या गोठ्याची. आमच्या मोन्तारिन्यु गावाचं पोट ओकच्या सालीवर चालतं. साल इथून जाते, कारखान्यात तिची बुचं होतात, आणि बाटल्यांच्या तोंडात बसून ती माझ्याकडे परत येतात. मावशीचा नवरा कुश्तोदियुकाका. त्याची हयात झाडं सोलण्यात गेली. खोडाला कुऱ्हाडीची जखम न करता अख्खी साल उतरवणारा त्याच्यासारखा माणूस पंचक्रोशीत नाही. घरातला कांदा मात्र मावशीच सोलते.

दर डिसेंबरात गुत्त्याच्या खिडकीत गोठा उभा राहतो. खाली रानातलं शेवाळ, त्यावर बुचांची मरिया, बुचांचा योसेफ, मेंढरं, बैल. फेसाळ वाइनचं बूच वर फुगलेलं असतं, ते पगडीसारखं दिसतं. म्हणून येशूबाळाच्या भेटीला येणारे तीन राजे मिळतात फक्त लग्नाबारशाला, फेसाळ उघडते तेव्हा. त्यातला एक राजा, बाल्थाझार, कमी पडला, तेव्हा मावशी माझ्याकडे रोज पत्ते कुटणाऱ्या झेफेरीनुच्या पोरीला भर रस्त्यात म्हणाली होती, "अगं, किती दिवस नुसतं फिरणार त्याच्याबरोबर? बाल्थाझार अडलाय माझा!"

देवदूतांना पंख लसणाच्या सालीचे. बुचाची जी बाजू वाइनमध्ये बुडालेली असते ती तांबडी होते, ती मावशी खाली ठेवायची. वर ठेवली तर देवदूत दोन पेले लावून आल्यासारखा दिसतो. असे आमचे देवदूत वर्षानुवर्षं तांबड्या पायांवर उभे होते आणि गुत्त्यात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

यंदा गावात नवे पाद्री आले, फादर आमांदियु. उत्तरेकडच्या डोंगरातले, तरुण, हसरे. त्यांनी खिडकीतून गोठा पाहिला, आत आले आणि म्हणाले, "मावशी, हा इथे काय करतोय? नाताळच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये आणा. वेदीच्या शेजारी मांडू."

मावशी खुर्चीत बसली. तिला बसलेली मी क्वचितच पाहिलीय. तिची आई त्या चर्चची फरशी पुसायची. तिच्या घराण्यातलं दुसरं काही आजवर वेदीजवळ पोचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मात्र ती कंबर कसून हजर. "हे देवदूत चालायचे नाहीत. देवाच्या घरी दारूचे डाग घेऊन? पांढऱ्या वाइनची बुचं पाहिजेत. डाग नसलेली."

"डाग कापून टाक ना," मी म्हणालो.

"आणि बुटके देवदूत योसेफच्या गुडघ्याला लावू?"

"मग रंग दे."

"झाडावर साल काढल्याच्या वर्षाचा आकडा रंगवतात, तेवढा रंग पुरे. बुचाला मी रंग फासत नाही."

आता पंचाईत अशी, की आमच्या गावात पांढरी वाइन मासे शिजवताना वापरतात. पुरुषानं ती मागितली तर लोक तब्येतीची चौकशी करतात. मावशीनं पत्ते कुटणाऱ्या मंडळींना फर्मान काढलं, नाताळपर्यंत पांढरीच प्यायची.

झेफेरीनु कळवळला, "मावशी, पांढरीनं माझं पोट बिघडतं गं."

"तुझं? खिळे दिले तर पचवशील मेल्या!"

माझ्याकडे साठा नव्हता. कुश्तोदियुकाका बसनं तालुक्याला गेला, मोठ्या दुकानातून एका खोक्यात बाटल्या घेऊन आला. मंडळींनी औषध घेतल्यासारखे पेले पुढे केले. काकानं पहिली बाटली उघडली आणि स्क्रूच्या टोकाकडे बघतच राहिला.

बूच प्लॅस्टिकचं होतं.

दुसरी उघडली, तेच. तिसरीलाही तेच. बाटलीच्या तोंडात बुचाऐवजी भलतंच काही असेल, ही शंका आमच्या गावात कुणालाही येणार नाही. काकाला तर सर्वांत शेवटी आली असती. त्यानं ती बुचं कोटाच्या खिशात कोंबली आणि मावशीला सांगायचं नाही, अशी आम्हाला शपथ घातली.

"बुचं कुठायत?" मावशीनं आल्या आल्या विचारलं.

"मांजरानं नेली."

"सगळी?"

"दोन मांजरं होती."

मावशीनं त्याच्या खिशात हात घातला. एक बूच काढून नखानं दाबलं. मला वाटलं, आता आढं कोसळणार. पण ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "तू आणलंस हे? तू?" काका टोपी काढून उभा राहिला, मयताला उभा राहतो तसा.

दुसऱ्याच दिवशी गोठा चर्चमध्ये न्यायचा होता. मावशीनं जाहीर करून टाकलं, "राहू दे इथेच. आमची लायकी खिडकीचीच."

सकाळी फादर गोठा न्यायला आले. मावशीनं पाठ फिरवून सगळं सांगितलं. फादरनी काउंटरवरच्या बशीतला एक जुना देवदूत उचलला, उलटा केला, आणि खो खो हसायला लागले.

"हसा," मावशी म्हणाली. "हसण्यासारखेच आहेत."

"मावशी, माझ्या बापाचे पाय आठवले! आमच्याकडे द्राक्षं अजून पायांनी तुडवतात. सप्टेंबरभर बाप असेच पाय घेऊन घरी यायचा. आई त्याला पलंगावर चढू द्यायची नाही."

"बरोबरच करायची."

"हे देवदूत तुडवणीवरनं आलेत. येशूबाळ जन्मल्याची हाक आली, तसेच धावत निघाले. पाय धुवायला सवड कुणाला होती?"

मावशी वळली. देवदूत हातात घेऊन तिनं त्याचे पाय बघितले, मग फादरचे बूट बघितले.

"तुम्ही पण तुडवायचात?"

"पाद्री होईपर्यंत. दर वर्षी."

मावशीनं देवदूतांची बशी हातात घेतली. मग कुश्तोदियुकाकाकडे न बघता म्हणाली, "उभा काय राहिलास? शेवाळ उचल. आणि नीट धर, ते तरी खरं आहे."

आम्ही वरात काढल्यासारखे चर्चमध्ये गेलो. वेदीशेजारच्या मेजावर कडक इस्त्रीची पांढरीशुभ्र चादर अंथरलेली होती. काका शेवाळ ठेवायला वाकला, तोच मावशीनं त्याचा दंड धरला.

"फादर, ती चादर आधी काढा," ती म्हणाली. "जुनं गोणपाट असेल तर द्या. हे आत्ता तुडवून आलेत, डाग निघायचे नाहीत."