कारखान्यातले पाळक

"आधी मला दाखवा," असं म्हणून ते चपला काढायचे. अंगण असो की मिठागराचा बांध. बांधावर चपला काढायची गरज नसते, पण ते कुणी सांगेपर्यंत आमच्या चर्चचे पाळक अनवाणी उभे असत.

हे वाक्य त्यांना उशिरा सुचलं. नगरकडून पेणला आले, त्या पहिल्याच रविवारी त्यांनी मूर्तींविरुद्ध उपदेश केला. पेणमध्ये. ऐन आषाढात. तुम्ही त्या दिवसांत पेणला आला असाल, तर गल्लोगल्ली गणपती कसे मांडलेले असतात ते बघितलं असेल. आमच्या छोट्या मंडळीतली निम्मी माणसं गणपतींच्याच कारखान्यांत कामाला. उपदेश उत्तम झाला. मुद्दे चार होते, मी टिपून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून आखणी करणारी एक बाई कामावर गेली नाही. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. तो हात सगळ्यांना नसतो. तिला बाप्तिस्मा घ्यायचा होता, आणि घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालायचं. आठवड्यानं ती पाळकांकडे आली.

"पास्टर, काम सोडलं. आता पोरींना काय घालू?"

उत्तर आमच्या समितीकडे होतं: काम सोडलं तरच बाप्तिस्मा. चिटणीस या नात्यानं ठराव मीच लिहिला.

पाळक मात्र माफी मागायला थेट कारखान्यात गेले. मालक तापलेला होता.

"माफी ठेवा तुमच्याजवळ. दीडशे मूर्ती आंधळ्या बसल्यात माझ्या. डोळे तुमी काढताव का?"

"नाही. पण काम कसं असतं, आधी मला दाखवा."

"व्हय? मंग बसा. घासा."

ते बसले. तिथूनच त्यांनी बाईला निरोप धाडला, "मी न बघता बोललो. तुम्ही कामावर या. बाप्तिस्म्याचं मी समितीशी बोलतो." ती आली. तेही महिनाभर रोज सकाळी पॉलिशपेपर घेऊन मूर्ती घासायला येऊ लागले.

"पास्टर, सोंड घासताव का मोडताव?" बायका विचारायच्या.

"अगो, नगरच्या गणपतीला सोंड नसंल!"

एकदा त्यांच्या हातून एका मूर्तीचा कान उडाला. "गेला! आता तुमची प्रार्थना ऐकंल कशी तो?" सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. मग कान लावायला शिकले.

मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी वरिष्ठांना पत्र लिहिलं, तारीखवार. पाळक मूर्ती घासतात. पाळक मूर्ती टेंपोत चढवतात. कारखान्यात आरती सुरू झाली की बाहेर पायरीवर बसतात, पण घरी जात नाहीत. पत्र टपालात टाकलं आणि वहीत त्यापुढे खूण केली.

त्यानंतर समितीची बैठक झाली. पाळक बाईला घेऊन आले. "माझं ऐकून घोटाळा झाला. आता यांचं ऐका," म्हणाले आणि खाली बसले.

ती उभी राहिली. "डोळा काढताना हात कापतो. म्हणून मी येशूचं नाव घेते. मंग रेघ सरळ जाते. आता हेच काम सोडा म्हनता, तं सोडते. पन मंग दिवसभर ते नाव घ्यायला मला सवड कुठं मिळंल?"

तिच्यामागोमाग आलेला मालक दारात उभा होता. "घेऊ दे हो तिला नाव," तो म्हणाला. "तिच्यावानी डोळे पेणात कोन काढत नाय."

मी पट्टी घेऊन ठराव खोडला.

गणपती उरकल्यावर रोह्याला कुंडलिका नदीत तिचा बाप्तिस्मा झाला. सगळ्यांना न्यायला मालकानं टेंपो दिला.

मग वरिष्ठांचं उत्तर आलं. पाळकांची बदली. बदली रद्द करा म्हणून मी दुसरं पत्र लिहिलं, पहिल्यापेक्षा लांब. त्याला उत्तर आलं नाही. कार्यालयाचा निर्णय पहिल्या, व्यवस्थित पत्रावर झाला होता.

पेण स्टेशनवर सोडायला मी गेले.

"तुमचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं, ताई."

मी त्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"एकही गोष्ट चुकीची नाही. तारखासुद्धा बरोबर."

टोमणा नव्हता. टोमणा मारणं त्यांना जमतच नसे. गाडी आली, ते चढले आणि खिडकीशी बसले.

"नवीन गावी लोक काय काम करतात, ठाऊक आहे का तुम्हाला?" त्यांनी आतून विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. कुणाला विचारून ठेवायचंही सुचलं नव्हतं. गाडी हलली तेव्हा ते शेजारच्या माणसाकडे वळून तेच विचारत होते.